वरणातली पुडी

महामाया आमच्या शेजारच्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला विहिरीत वाकून पाहायचीसुद्धा भीती वाटायची. माहेरी नळ होता. आणि नवरा मिळाला तो विहिरीत उतरणारा. संघपाल विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. आमचं गाव मोताळ्यापासून जवळच, नळगंगा नदीच्या अंगाला. मोटार अडकली, पाइप निखळला की चार गावांतले लोक त्यालाच बोलावतात. कमरेला दोर बांधून तो खाली उतरतो आणि वर त्याचा जोडीदार अकील दोर धरून उभा राहतो. हात चांगला आहे संघपालचा. पण उतरायच्या आधी दारूचा पव्वा लागायचा. पाणी थंड असते म्हणून, असं तो सांगायचा. उन्हाळ्यातही पाणी थंडच असायचं.

महामायेचे कान कायम रस्त्याकडे. विहाराच्या कोपऱ्यावर त्याची मोटारसायकल कशी वळते त्यावरून ती ओळखायची. सरळ वळली की तवा ठेवायची. रेस देत वळली की काजलला, म्हणजे तिच्या पोरीला, माझ्याकडे धाडायची. "केसरमावशी, पोरीले जरा बसू द्या," एवढंच म्हणायची. मार रोजचा नव्हता. "रोजचा असता तं सवय झाली असती मावशी," असं ती एकदा बोलून गेली. "कवा हाय अन् कवा नाही, हेच समजत नाही."

संध्याकाळी आम्ही विहारात वंदनेला बसायचो. पंचशीलातलं पाचवं शील आलं, दारूचं, की बाया हळूच तिच्याकडे पाहायच्या. ती मात्र चौथ्यापाशी अडखळायची, खोटं न बोलण्याच्या. मी शेजारी असायची म्हणून मला समजायचं. कारण दिवसभर ती तेच करायची. कामाला बोलवायला कास्तकार दारात आला की "त्याहिले ताप हाय". सासू विचारायला लागली की "पाय घसरला माहा". तिचं अर्धं आयुष्य त्याच्या दारूवर पांघरूण घालण्यात चाललं होतं.

माझा थोरला पोरगाही त्याच वाटेचा, म्हणून मी आधीपासून मोताळ्याला एका बैठकीला जात होते. ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे अशा घरच्यांची बैठक. आसमाताई नावाची बाई ती घेते, शिकलेली आहे त्यातलं. बाजाराच्या दिवशीच ठेवते, कारण त्या दिवशी बाईला घरातून निघताना कोणी 'कुठं चालली' असं विचारत नाही. बालवाडीच्या खोलीत दाराशी भाजीच्या थैल्या ठेवायच्या आणि सतरंजीवर बसायचं. मी महामायेला ओढून नेलं. पहिल्या खेपेला ती तोंडावर पदर घेऊनच बसली. बिस्मिल्लाआपा म्हणून एक आहे आमच्यात, तिचा भाऊ पितो. ती म्हणाली, "पदर काढ वं माय. इथं सगळ्याइचंच फुटकं हाय. मी तं भावाले बाजारात इकायलेच आणणार होती, पण गिऱ्हाईक भेटत नाही." तेव्हा कुठं महामाया हसली.

आसमाताई सांगायची की त्याची दारू तुम्ही सोडवू शकत नाही, पण त्याच्यासाठी खोटं बोलणं तुम्ही सोडू शकता. हे काही महामायेला पटलं नव्हतं. बाईनं नवऱ्याची दारू सोडवायची नाही तर मग कोणी?

त्याच बाजारात एक पुड्यावाला बसायचा. मूळव्याध, केस गळणं, दारू, सगळ्याला पुडी. महामायेनं एक दिवस ती घेतली. पुड्यावाल्यानं बजावलं, "पिणाऱ्याले सांगू नोको. कोणालेच सांगू नोको. सांगतलं की गुण जाते." आमच्याकडे हे खरंच मानतात. कावीळ उतरवणारा माणूससुद्धा झाडाचं नाव घेत नाही, नाव घेतलं की औषध पावत नाही म्हणून. महामायेनं ते पाळलं. मलाही नाही सांगितलं. रोज सकाळी त्याच्या डब्यातल्या वरणात चिमूटभर.

मग एका बाजाराच्या दिवशी बैठकीत तिची बोलायची पाळी आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"ताई, गुण येऊन राह्यला," ती म्हणाली. "आता दारू पेले की त्याहिचं तोंड लालबुंद होते. ओकतात. छाती धरून बसतात. म्हणतात, दारूच बेकार येऊन राह्यली आजकाल."

बिस्मिल्लाआपाचा हात थैलीवर थांबला.

"काय देता तुम्ही त्यांना?" आसमाताईनं विचारलं.

महामायेनं पदराची गाठ मुठीत धरली.

"महामायाताई, काय देता?"

"सांगतलं की गुण जाते."

"गुण गेला तर मी भरून देईन. सांगा."

तिनं पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती. पांढरी भुकटी, पिठासारखी. आसमाताईनं ती बोटावर घेतली नाही, नुसती पाहिली. म्हणाली, "यात काय आहे ते मी नाही सांगू शकत, विकणाराही नाही सांगू शकणार. पण तुम्ही जे सांगता तसं एका गोळीनं होतं. ती गोळी डॉक्टर माणसाला तपासून, त्याला सांगून, त्याच्या मर्जीनं देतात. आणि बजावून देतात की यावर दारूचा थेंब नको. कारण त्यावर दारू पडली तर छाती धडधडते, दम कोंडतो, भोवळ येते. माणूस जातो सुद्धा."

"माहा भाऊ घेत होता ते," बिस्मिल्लाआपा हळूच म्हणाली. "त्याच्याकडून सही घेतली होती डाक्टरनं."

"आज दिली?" आसमाताईनं विचारलं.

"हाव," महामाया म्हणाली. "आज दोनदा टाकली. बाजाराच्या दिवशी ते लय पेतात म्हणून."

"कुठं आहेत आता?"

"नारायणरावाच्या विहिरीवर."

बाहेर बाजाराचा गलका चालला होता, कांद्याचा भाव ओरडणारा माणूस ओरडत होता. मी मनातल्या मनात बुद्धं सरणं सुरू केलं, पण पुढचे शब्दच येईनात.

तिनं संघपालला फोन लावला. वाजत राहिला. उतरताना तो शर्ट काढून झाडाला टांगतो, फोन त्यात असतो. मग अकीलला लावला. आसमाताईनं स्पीकर चालू केला.

"बोल वहिनी."

"अकीलभाऊ, ते कुठं हायेत?"

"खालीच हाय नं. आत्ताच उतरला. पव्वा मारूनच उतरला आज, मोटार लय खाली अडकली हाय."

महामायेनं आमच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि सवयीनं तिच्या तोंडातून जे बाहेर आलं ते असं: "त्याहिले वर काढा. घरी पाव्हणे आले हायेत."

अकील हसला. "पाव्हण्याले चहा पाज. अर्ध्या घंट्यात येते तो. तुह्या नवऱ्याले मी काय विहिरीतच ठेवून घेणार हाय?" आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "मले दे, मी सांगते." आसमाताईनं माझा हात धरला. "नाही मावशी. तुमचं ऐकून तो आधी 'काय झालं' विचारत बसेल. यांचं एका वाक्यात ऐकेल. महामायाताई, खरं तेच सांगा. एक वाक्य."

आणि तिला ते एक वाक्य जड होतं. अकीलला सांगितलं म्हणजे नारायणरावाला कळलं, गावाला कळलं, सासूला कळलं. बायकोनं नवऱ्याच्या अन्नात औषध घातलं. संघपाल वर आला तर तो तिचं काय करेल, आणि वर नाही आला तर? दोन्हीकडून भीतीच.

तिनं पुन्हा फोन लावला. अकीलनं उचलला तेव्हा वैतागलेला होता. "अवं वहिनी, दोर हाय माह्या हातात..."

"अकीलभाऊ, म्या त्याहिच्या वरणात औषध टाकलं. दारूवर ते विष हाय. वढा त्याहिले. वढा!"

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. मग अकील ओरडताना ऐकू आला, "संघ्या! ओ दे बे! संघ्या!" खालून ओ आला की नाही ते कळलं नाही. "बोलून नाही राह्यला! नारायणराव, या इकडं, धरा! वढा! वढा!" कप्पी करकरत होती. फोन मातीत पडला असावा, कधी आवाज यायचा, कधी नुसती खरखर. आणि मग तो बंदच झाला.

आसमाताईनं एकशे आठला फोन करून गाडी शेताकडे बोलावली. आम्ही ऑटोत बसलो. महामाया रडली नाही. नुसती म्हणत होती, "पहिल्यांदाच सांगाले पाह्यजे होतं. पाव्हणे कुठून आणले म्या? पाव्हणे कुठून आणले?" अकीलचा फोन लागत नव्हता. वाटेत समोरून कोणी मोटारसायकलवाला आला की ती त्याच्या तोंडाकडे पाहायची, तो काही बातमी घेऊन येतो आहे का ते बघायला. मीही तेच करत होते. आमच्याकडे मौत झाली की गावात शिरायच्या आधीच माणसाच्या तोंडावर दिसते.

संघपाल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवा पडलेला होता. कमरेचा दोर अजून तसाच. अर्ध्यावरच त्याला भोवळ आली होती, मान टाकून दोराला लोंबकळत वर आला, असं नारायणरावानं सांगितलं. तोंड लाल, डोळे पांढरे, श्वास चालू. अकीलचे दोन्ही तळहात दोरानं सोलले होते. तो महामायेकडे नुसता पाहत होता. ते पाहणं शिवीपेक्षा वाईट होतं.

तो वाचला. बुलडाण्याच्या दवाखान्यात सलाइन लागलं, छातीच्या ठोक्यांची पट्टी, ईसीजी, काढली, पोलिसानं येऊन विचारलं. संघपाल भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मले काही सांगायचं नाही." महामायेनं मात्र सांगितलं, जसं होतं तसं, उरलेली पुडीही दिली. गावात मग व्हायचं ते झालं. सासूनं चूल वेगळी केली. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "हिच्या घरचं पाणी पेऊ नोका वं." त्यातल्या दोघींनी त्याच पुड्यावाल्याकडून पुड्या घेतल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यांच्या घरी जाऊन मी त्या फेकायला लावल्या.

संघपाल घरी आला, पण तिच्या हातचं खाईना. आईकडे जेवायचा, नाही तर बिस्किटं. पुढं आईनं कटकट केली तेव्हा तो महामायेनं वाढलेल्या ताटावर बसला, आणि ताट तिच्याकडे सरकवून म्हणाला, "पह्यला घास तू खाय." तिनं खाल्ला. तो तिच्या गळ्याकडे पाहत राहिला, घास खाली जाईपर्यंत. मग जेवला. तेव्हापासून रोज तसंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तो एकदा आसमाताईकडे आला, दोघांना मिळून बसवायचं होतं. महामायेनं मलाही थांबवून घेतलं, एकटीला भीती वाटते म्हणाली. तो खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"दारूचं विचारणार असान तं विचारा," तो म्हणाला.

"नाही," आसमाताई म्हणाली. "घरात कसं वाटतं ते सांगा."

त्यानं एकेक बोट मोडलं. "भेव वाटते. हिचं. भांडं वाजलं तरी कान तिकडं जाते. हिनं पाठ फिरवली की वाटते, काय करून राह्यली? आपल्याच घरात माणूस असा बसते का ताई, चोरावानी?"

महामाया जमिनीकडे पाहत होती. ती म्हणाली, "मी लग्न झाल्यापासून तशीच बसते."

"काऊन? तुले कोणाचं भेव?"

तिनं मान वर केली. त्याच्याकडे तिनं एवढं सरळ पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुमच्या गाडीचं. कोपऱ्यावर वळते तवा."

तो उठला, दारापर्यंत गेला, मला वाटलं गेला आता. पण तिथंच उभा राहिला, बाहेर तोंड करून. मग म्हणाला, "पुढच्या बाजारी यायचं का इथं? का बायाइचंच हाय?"

"ज्याले भेव वाटते त्याचं हाय," बिस्मिल्लाआपा बाहेरच्या ओट्यावरून म्हणाली. ती सगळं ऐकत होती.

तो आला, दोनदा. मग नाही आला. मग परत आला. दारू सुटली म्हणून मी लिहिणार नाही, कारण सुटलेली नाही. उपचाराचं बोलणं चाललं आहे. विहिरीत उतरणार असेल तर पीत नाही, नाही तर अकील दोरच धरत नाही. कास्तकार दारात येऊन विचारतो तेव्हा महामाया आता "पेलेले हायेत, उद्या या" असं सांगते. सांगताना तिचा रंग उडतो, पण सांगते.

रोज संध्याकाळी ती ताट वाढते, पहिला घास खाते आणि ताट त्याच्या पाटाकडे सरकवते. काही दिवशी तो अजून आलेला नसतो. अशा वेळी मी भिंतीपलीकडून पाहते तर ती तशीच बसलेली असते. ताटावर झाकण, समोर काजल पुस्तक घेऊन. गाडीचा आवाज कोपऱ्याशी आला की दोघी मायलेकी श्वास रोखतात, आणि गाडी कशी वळते ते ऐकतात.