काळी कौलं

कुणाच्याही घरात शिरली की आत्या आधी चुलीपाशी उकिडवी बसायची आणि राखेवर तळहात धरायची. ऊब लागली की समाधानाने मान हलवायची. राख गार असली तर घरातल्या बाईकडे वळून विचारायची, "काय गो बाय, आज पेटवली नाय?" बाकीच्या गप्पा त्यानंतर. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांना घराच्या भिंती दिसत नाहीत, थेट चूलच दिसते.

सत्तरच्या दशकात पावणे गावाजवळच्या खाडीकाठच्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो, तेव्हाची ही गोष्ट. नव्या शहराचे नकाशे कुठल्या तरी कचेरीत तयार होते म्हणे. गावात मात्र कौलारू घरं होती, मिठागरं होती आणि दोरीवर सुकत घातलेले बोंबील होते. आत्या पंचायतीची सभासद होती, बायकांच्या जागेवर घेतलेली. उमेदीची वर्षं मिठागरात गेल्यामुळे तिचे तळपाय पार फुटलेले होते. नवरा लवकर गेला, तशी ती भावाकडे परत आली आणि भावाच्या पोरांची आत्या हळूहळू सगळ्या गावाची आत्या झाली.

मला ती मास्तर म्हणायची. मी मास्तर नाही, हे मी तिला तीनदा समजावलं.

"लिवतोस ना? मंग मास्तरच तू."

मी नाद सोडला.

सभासद झाल्यावर ती सही शिकली होती. जिभेचं टोक बाहेर काढून एकेक काना ती असा ओढायची की तोवर सरपंचांसकट सगळी सभा थांबून राही. कुणी घाई केलीच तर म्हणायची, "माजा नाव हाय. धावत कशाला लिवू?"

मग एका वर्षी पावसाळ्याच्या आधी वादळ आलं. दुपारच्या दोन-तीन तासांत खाडीकडच्या आळीतली घरं बोडकी झाली. दर चुलीमागे पत्रे आणि वासे मिळणार, असं वरून कळलं. तलाठी चार गावांना मिळून एकच, त्यामुळे पंचनाम्यांचं निम्मं काम माझ्या गळ्यात पडलं. पंच म्हणून आत्या बरोबर असायची. आमच्याकडे चूल म्हणजे वेगळं घर, हा हिशोब जुनाच. साहजिकच ज्याच्या त्याच्या घरात एकाच्या दोन चुली झाल्या होत्या. आत्या बसायची, चुलीखालची माती नखाने खरवडायची आणि हसायची, "परवाची चूल ही. अजून वली हाय." घरमालकही हसायचा आणि मी एकच चूल लिहायचो.

बाळारामच्या घरी मात्र उलटा प्रकार झाला. पुढच्या खणात तो राहायचा आणि मागच्या खोलीत त्याची विधवा भावजय यमुना. वादळाने मागचं छप्पर उडालं, मधली मातीची भिंत आडवी झाली आणि यमुनेची चूल पावसात विरघळून गेली. मी पोहोचलो तेव्हा तिथे नुसता चिखल होता. बाळाराम म्हणाला, "घर एकच, साहेब. मागं आमचा पेंढा असायचा. वहिनी आमच्यातच जेवते." यमुना तोंडाला पदर लावून उभी होती. शेजारी आपापली कौलं वेचत राहिले. मी बाळारामचा चहा प्यालो आणि लिहिलं : घर एक, चूल एक.

हे एवढे चार शब्द. नोंदवहीत ते गेले असते तर ती खोली यमुनेची कधी नव्हतीच, असं ठरलं असतं. दिराने जा म्हटलं की तिने जायचं. मला हे कळत नव्हतं असं नाही. मला दुपारच्या आत सहा घरं उरकायची होती. त्याची लाज आजही वाटते.

मी सहीसाठी कागद पुढे केला. आत्याने तो घेतलाच नाही. ती अंगणात गेली. तिथे उडालेली कौलं बाळारामने रचून ठेवली होती. तिने एक उचललं, उलटं केलं. मग दुसरं, मग तिसरं. कौलांची आतली बाजू काळीकुट्ट होती. वर्षानुवर्षांच्या धुराची काजळी, बोटाला चिकटणारी.

"बाल्या, पेंढ्याच्या खोलीत धूर कुठनं आला रं?"

"आमच्या रांधनीवरची हायत ती."

आत्याने वर बघितलं. बाळारामच्या स्वयंपाकघरावरची कौलं जागच्या जागी होती. बाळाराम खाली बघू लागला. मग आत्या यमुनेला म्हणाली, "रडू नको. तुजी चूल वाहून गेली, धूर नाय गेला." मी कागद फाडला आणि दोन घरं लिहिली. आत्याने खाली सही केली, नेहमीच्याच सवडीने.

शेवटचं घर तिच्या भावाचं होतं. तिच्या कोपऱ्यावरचीही कौलं पडली होती. सकाळची चूक मनाला लागली होती, म्हणून मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "आत्या, तुमची चूल वेगळी लिहितो. खोली तुमच्या नावावर राहील."

तिने एक कौल उचलून माझ्यासमोर उलटं धरलं. आतून लालभडक.

"मी भावाच्या चुलीवर जेवते. जी चूल नाय, ती लिवू नको."

"आणि उद्या भाऊ नसला तर?"

"तवाचा तवा बघू."

मला तिचा राग आला. त्याहून जास्त माया वाटली. पण लिहिलं तिने सांगितलं तेच.

पुढे माझी बदली झाली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा कोपरखैरण्याला एका कामासाठी आलो होतो, म्हणून गावात डोकावलो. कौलं जाऊन सगळीकडे स्लॅब आले होते. आत्याच्या भावाच्या जागी दोन भाच्यांची दोन घरं उभी होती. आत्या कुठे, म्हणून विचारलं. "गेली ना, दिवालीच्या आधी," थोरला म्हणाला. "धाकल्याकडं असायची." धाकटा म्हणाला, "थोरल्याकडं."

मी तसाच परत फिरलो, तर मागून हाक आली. यमुनाबाई होत्या, केस पांढरे झालेल्या. हाताला धरून त्यांनी मला घरात नेलं. मागचीच खोली, आता पक्की.

"भाऊ गेला, तवापास्नं आत्या माज्याकडंच होती," त्या म्हणाल्या. "हितंच जेवली, हितंच गेली. रोज सकाली उठून ग्यासवर हात धरायची नि विचारायची, आज पेटवली नाय? सांगून थकले, आत्या, ग्यासला राख नसते."

त्या हसत होत्या. मी उठून ओट्यापाशी गेलो आणि शेगडीवर तळहात धरला. चहा नुकताच उतरवला होता. ऊब होती. मी मान हलवली, आणि यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला.