पुढच्या रांगेतल्या पैठण्या

कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला डब्लिनमधली पबच्या माडीवरची खोली आठवते. तिथं फ्रिंज नावाच्या नाट्यमहोत्सवात माझ्या नवऱ्याचा इंग्रजी विनोदांचा एकपात्री प्रयोग होता आणि प्रसिद्धी माझ्याकडे होती. रस्त्यात पत्रकं वाटूनही तिकिटं खपेनात आणि त्या संध्याकाळी तर एक समीक्षक येणार होता. म्हणून गणपतीला बोलवावं तसं मी सगळ्या मराठी घरांना फोन करून बोलावलं. कपाटातल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेल्या पैठण्या नेसून, मुलं आणि पुण्याहून आलेले आपापले सासूसासरे घेऊन सगळे आले. मी त्यांना मानानं पुढच्या रांगेत बसवलं. नवऱ्याचे विनोद अशा मराठी घरांवरच होते, निम्मे तर चावट. समोर पाहून त्यानं घसा खाकरला आणि विनोद बाजूला ठेवून तासभर पक्ष्यांचे आवाज काढले. समीक्षक अर्ध्यातूनच उठून गेला. "गुणी आहे हो तुझा नवरा," एक आजी म्हणाल्या, आणि माझी मान वर होईना. गाडीत तो आयरिश लोकांच्या ढंगात एवढंच म्हणाला, "खोली भरली ना? मग ग्रँड." पुन्हा त्यानं प्रयोग लावला नाही. यंदा तो गेला तेव्हा तीच माणसं न बोलावता आली. "पक्ष्यांचे आवाज काय सुंदर काढायचा!" सगळे म्हणाले, आणि मी मान डोलावली.