वायरीवरचा बाण

लोक त्यांना कानसेन म्हणत, आणि ते ही चेष्टा पदवीसारखी मिरवत. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा जीव दोन स्पीकरांत ओतला. स्पीकरच्या वायरीवर बारीक बाण छापलेले होते. बाणाचं टोक स्पीकरकडेच हवं, वायर उलटी लागली की आवाज कोमेजतो, हे त्यांचं ठाम मत.

बायकोचा धाकटा भाऊ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. तो एकदा म्हणाला, "दाजी, यातला करंट सारखा पुढे-मागे धावतो. बाणाला विचारतो कोण?"

"तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?" दाजींनी त्याला उडवून लावलं.

बायको मात्र या कानांना मानायची. तिथेच तिचं चुकलं. मुलं मार्गी लागल्यावर ती गाणं शिकू लागली होती. गाण्याच्या बाईंनी तिला क्लासच्या कार्यक्रमात एकटीने गायला सांगितलं. नवऱ्याने ऐकून बरं म्हटलं तरच गायचं, असं तिने ठरवलं. समोर बसून गायचा धीर नव्हता. क्लासमधलं रेकॉर्डिंग तिने पेनड्राइव्हवर आणलं आणि भाऊ आलेला असताना, काही न सांगता लावलं.

कानसेन डोळे मिटून बसले. तिच्या हातातल्या फडक्याचा पार पिळा झाला. आलाप संपायच्या आत ते ताडकन उठले.

"थांबव! काल मागची धूळ पुसलीस ना? वायर उलटी लावून ठेवलीस!"

तिने वायरीला हातही लावला नव्हता. पण ते चष्म्याशिवायच स्पीकरमागे शिरले, वायरी सोडवल्या आणि फिरवून लावल्या. बाण आता उलटे झाले होते. भावाला ते लांबूनही दिसत होतं.

गाणं पुन्हा सुरू झालं. "बघ, कसं मोकळं झालं!" कानसेन खूश झाले.

भावाने आवाज केव्हाच ओळखला होता. "दाजी, गातंय कोण?"

"असेल कुणी हौशी बाई. गळा बेताचाच आहे, वायरीने सावरून घेतलंय."

भाऊ तोंड उघडणार, तोच तिने त्याला डोळ्यांनी दटावलं. तिला नवऱ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एवढी वर्षं तिने या कानांची भीड बाळगली होती! आणि हे कळूनही 'गळा बेताचाच' हे शब्द काही मनातून जाईनात. तिने पेनड्राइव्ह उपसून काढला, आत गेली आणि बाईंना फोन लावला.

"मला नाही जमणार हो. दुसरी कुणी बघा."

बाहेरून हाक आली, "अगं, ते मघाचं पुन्हा लाव ना! याला फरक ऐकवायचाय."