व्हिसावरचा हमाल

"साब, चार हज़ार से नीचे ये टायटल नहीं बैठेगा. खलास." बशीरभाईंनी फाइल माझ्या टेबलावर परत ठेवली.

बशीरभाई आमच्या कंपनीचे पीआरओ. आखातात प्रत्येक कंपनीत असा एक माणूस असतो. व्हिसा, लेबर कार्ड, परवाने ही सगळी सरकारी कामं तोच करतो. कंपनी टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाची. ऑफिस आणि गोदाम दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये. मी तिथे आयटी मॅनेजर होतो, अजूनही आहे.

फाइल इम्तियाजची होती. दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातला मुलगा. बीएस्सी कॉम्प्युटर, मुंबईत तीन वर्षं डेटाबेसचं काम केलेलं. मी त्याला डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए म्हणून निवडलं होतं. डीबीए काय करतो, ते थोडक्यात सांगतो. गोदामात किती माल आहे, कुणाचं बिल थकलं आहे, कुणाला काय भावाने विकलं, हे सगळं एका ठिकाणी साठवलेलं असतं. ते सांभाळणं, रोज त्याची प्रत काढून ठेवणं आणि बिघडलं तर पुन्हा उभं करणं, हे त्याचं काम. तो चुकला तर कंपनीला स्वतःचंच काही आठवत नाही.

आता नियम. यूएईत सरसकट सगळ्यांना लागू होईल असं किमान वेतन नाही. पण तुमचा व्हिसा कंपनी काढते आणि मंत्रालयाच्या करारात तुमचा हुद्दा लिहिलेला असतो. तो कुशल कामाचा असेल तर अटेस्ट केलेली डिग्री लागते आणि पगार निदान चार हजार दिरहम दाखवावा लागतो. डीबीए कुशल कामात येतो. मला मंजूर झालेलं बजेट साडेतीन हजारांचं होतं, तेव्हाचे साधारण सत्तर हजार रुपये. इम्तियाजची डिग्रीही अटेस्ट झालेली नव्हती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"लोडिंग-अनलोडिंग वर्कर डाल देते हैं. उसमें ना डिग्री, ना चार हज़ार. काम तो वो आपका ही करेगा ना?"

मी मालकांकडे जाऊन पाचशे दिरहम वाढवून मागू शकलो असतो. गेलो नाही. बजेटच्या मीटिंगमध्ये मी नुकताच दोन नवीन सर्व्हर मागून बसलो होतो. मी रिक्विझिशनवर, म्हणजे माणूस मागवायच्या अर्जावर, सही केली.

इम्तियाजला फोनवर सांगितलं. तो हसला. "सर, नाव काहीही टाका. घरी थोडंच कुणी व्हिसा वाचणार आहे?"

अशी माणसं इथे पुष्कळ आहेत. व्हिसावर सुतार आणि प्रत्यक्षात अकाउंटंट, व्हिसावर क्लीनर आणि प्रत्यक्षात ड्राफ्ट्समन. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

इम्तियाज कामाला पक्का निघाला. त्याच्याआधी आमची सिस्टिम महिन्यातून दोनदा तरी बंद पडायची. सेल्सची पोरं गिऱ्हाइकासमोर हात चोळत उभी राहायची. तो आल्यावर ते थांबलं. एरवी तो हसऱ्या तोंडाचा, चेष्टेखोर. नवीन सर्व्हरचा खोका आला की बाही वर सारायचा. "सर, बाजूला व्हा. इथे कायदेशीररीत्या वजन उचलू शकणारा माणूस मी एकटाच आहे." सगळं ऑफिस हसायचं. मीच सर्वांत मोठ्याने हसायचो.

त्याचं लग्न झालं. पगार पाच हजार झाला आणि तो करारातही दाखवला गेला. त्यामुळे त्याला बायकोला आणता आलं. कुटुंब आणायला हुद्दा आड येत नाही, पगार पुरेसा लागतो. इंटरनॅशनल सिटी नावाच्या दुबईतल्या वस्तीत त्यांनी एका हॉलचा अर्धा भाग पार्टिशन घालून भाड्याने घेतला. तिथेच झोया झाली.

व्हिसा दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. दुसऱ्या वेळेला इम्तियाज माझ्याकडे आला. सुट्टीवर गेला होता तेव्हा त्याने डिग्री अटेस्ट करून आणली होती. आधी विद्यापीठ, मग मंत्रालय, मग वकिलात. दहा दिवसांच्या सुट्टीतले सहा दिवस त्यात गेले होते.

"सर, आता पगारही बसतो, डिग्रीही आहे. टायटल बदलून घेऊ या?"

"घेऊ ना. बशीरभाईंशी बोलतो."

बशीरभाईंनी डोकं खाजवलं. "हो जाएगा साब, इन्शाल्ला. लेकिन मिनिस्ट्री पूछेगी, कल तक हमाल था, आज डीबीए कैसे? जवाब आपको बनाना पड़ेगा."

मला जवाब बनवायचा नव्हता. महिनाअखेर होती, ऑडिट चालू होतं. मी म्हटलं, यावेळी आहे तसंच करून टाका, पुढच्या वेळी बघू. इम्तियाजला सांगितलं की थोडी टेक्निकल अडचण आहे. त्याने विश्वास ठेवला. नियमाने माझे हात कधीच बांधले नव्हते. उलट त्या दिवशी नियम त्याच्या बाजूने होता. मध्ये मी बसलो होतो.

गेल्या वर्षी मालकांनी कंपनी एका मोठ्या ग्रुपला विकली. ग्रुपचं आयटी भारतातून चालतं. आमच्यातले चौघे जादा ठरले, त्यात इम्तियाज. नोटीस मी स्वतः त्याच्या हातात दिली. तो घाबरला नाही. त्याचा हात चांगला होता आणि त्याला ते माहीत होतं.

तीन आठवड्यांत त्याने नोकरी मिळवलीही. एका बँकेचं डेटाबेसचं काम करणारी फर्म. पगार नऊ हजार, म्हणजे दोन लाखांच्या वर. पेढे म्हणून बकलाव्याचा डबा घेऊन आला. "सर, या वेळी व्हिसावर डीबीए लिहिणार आहेत. अम्मी विचारत होती, बाळा प्रमोशन झालं का? म्हटलं, हो अम्मी, मजुराचा साहेब झालो."

एकच गोष्ट बाकी होती. बँकेचं काम असलं की उमेदवाराची आधीची नोकरी तपासून घेतात. त्यासाठी वेगळी एजन्सी असते. ती कागद बघते आणि जुन्या ऑफिसला फोन करते.

फोन येण्याच्या आदल्या दिवशी रश्मी मॅडमनी मला बोलावलं. ग्रुपने पाठवलेल्या एचआर हेड, दिल्लीच्या. वाईट बाई नाही. टेबलावर इम्तियाजचा लेबर करार होता.

"सर, ये लड़का पाँच साल डीबीए का काम कर रहा था?"

"हो. हाँ."

"और वीज़ा पे लोडिंग वर्कर. मतलब हमने परमिट के बाहर काम करवाया. आपने या मैंने किसी को बोल दिया कि ये डीबीए था, तो कल को फाइन कंपनी पे. और रिक्विज़िशन पे साइन किसका है?"

सही माझी होती.

"मैं आपको डरा नहीं रही. जो रेकॉर्ड में है, वही बोलिए. बस."

घरी गेलो. माझा मुलगा बारावीला होता. त्याचा व्हिसा माझ्यावर, माझा व्हिसा कंपनीवर. जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तू काय करणार?" मुलाने मान वर न करता विचारलं, "बाबा, आर वी ओके?" मी म्हटलं, "येस, वी आर ओके."

दुसऱ्या दिवशी फोन आला. एका मुलीचा आवाज, अगदी नम्र. इम्तियाजने फॉर्मवर माझं नाव आणि नंबर दिला होता. तिने त्याचं नाव वाचलं, तारखा वाचल्या. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "अँड ही वर्क्ड अॅज अ डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर, सर?"

केबिनमध्ये मी एकटाच होतो. रश्मी मॅडम नव्हत्या, बशीरभाई नव्हते. काचेपलीकडे इम्तियाजची रिकामी खुर्ची दिसत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो की माझ्यावर दबाव होता.

"अॅज पर अवर रेकॉर्ड्स," मी म्हणालो, "लोडिंग अँड अनलोडिंग वर्कर."

तिने पुन्हा विचारलं, "सो नॉट आयटी, सर?"

"अॅज पर अवर रेकॉर्ड्स."

तिने आभार मानले.

चार दिवसांनी इम्तियाजचा फोन आला. "सर, त्यांनी ऑफर कॅन्सल केली. अनुभव खोटा आहे म्हणतात. तुम्हाला फोन आला होता का?"

"आला होता."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"रेकॉर्डमध्ये आहे ते."

पलीकडे झोया कार्टून बघत असावी, गाणं ऐकू येत होतं.

"फॉर्मवर एचआरचं नाव दिलं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "मीच तुमचं दिलं. म्हटलं, एचआरला काय माहीत मी काय करायचो? सरांना माहीत आहे."

मी म्हटलं, "इम्तियाज, माझीही अडचण होती रे."

"असणारच सर. मला काय समजत नाही काय?" आणि मग, पहिल्यांदाच, त्याचा आवाज चढला. "पण निदान मला आधी फोन करायचा होता. मी दुसऱ्याचं नाव दिलं असतं. किंवा अर्जच केला नसता. आता त्यांच्याकडे माझ्या नावावर खोटारडा म्हणून शेरा बसला."

एक फोन करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्यानंतर त्याने आणखी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीने इंटरव्ह्यू घेतला, काम आवडलं, मग व्हिसाची कॉपी मागितली. पुढे काही आलं नाही. व्हिसा रद्द झाल्यावर देशात राहायला थोडी मुदत मिळते. ती संपत आली.

निघायच्या आदल्या शुक्रवारी मी इंटरनॅशनल सिटीत गेलो. पार्टिशनच्या अलीकडे खोके बांधलेले. शबानाने, त्याच्या बायकोने, चहा केला. तिला सगळं माहीत होतं. तिने साखर विचारली, मुलाचा अभ्यास विचारला. झोया साडेतीन वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. तिचा युनिफॉर्म खोक्याच्या वर घडी करून ठेवला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गावी आजी आहे ना? मजा येईल."

"बट माय स्कूल इज हिअर," ती म्हणाली.

इम्तियाज तिला म्हणाला, "बेटा, अंकलना सलाम कर आणि आत जा."

निघताना शबानाने मिक्सर पुढे केला. "भाऊ, हा घेऊन जा. वजनात बसत नाही. वहिनींना होईल." मी नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हणायचं तर तिच्याकडे बघावं लागलं असतं. मी मिक्सर घेतला. इम्तियाज तो गाडीपर्यंत घेऊन आला, डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. नेहमीचा विनोद त्याने केला नाही.

यानंतरचं थोडक्यात. पुण्यातल्या दोन कंपन्यांनी त्याच्याकडे दुबईच्या अनुभवाचा कागद मागितला. त्याच्याकडे होता तो हमालाचा. आता तो तालुक्याच्या गावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग आणि अकाउंटिंग शिकवतो. हे मला त्याने नाही, बशीरभाईंनी सांगितलं. माझे ईदचे मेसेज तो वाचतो. निळ्या खुणा दिसतात.

इकडे सहा महिन्यांत ग्रुपच्या लक्षात आलं की भारतातून आमचा डेटाबेस सांभाळला जात नाही. नवीन डीबीए घ्यायचं ठरलं. रश्मी मॅडमनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं, हुद्दा खरा, डिग्री अटेस्टेड, पगार नियमाच्या वर. मालकांच्या जागी आता बसणाऱ्या साहेबांनी दोन मिनिटांत हो म्हटलं. बशीरभाईंनी एका आठवड्यात काम करून आणलं. मंत्रालयाने काहीच विचारलं नाही. मी इतकी वर्षं ज्या अडचणीच्या आड बसलो होतो, ती एवढीच होती.

भारतातून मुलांचे फोन येतात, ओळखीतून नंबर मिळालेला असतो. ऑफर आली आहे, घेऊ का, असं विचारतात. मी सांगतो, कंपनीचं ऑफर लेटर बाजूला ठेव. मंत्रालयाच्या ऑफरवर तुझी सही घेतील, तिच्यावर हुद्दा काय आहे आणि पगार काय आहे ते वाच. तिथे जे लिहिलंय तोच तू. बाकी आम्ही मॅनेजर लोक जे तोंडी सांगतो, ते आमची नोकरी सुरक्षित असेपर्यंतच खरं असतं.

मुलं थँक यू सर म्हणतात. एकजण म्हणाला, "सर, तुमच्यासारखा मॅनेजर मिळायला नशीब लागतं." मी त्याला थांबवून इम्तियाजचं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ऑल द बेस्ट, आणि फोन ठेवला. म्हणून हे लिहिलं.