साडेतीन सेकंदांची चूक

माझ्या भावाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. भाऊ अमेरिकेत राहतो, आम्ही जबलपूरला. दर रविवारी सकाळी आई फोनवरून नातीला एक भजन शिकवायची. नर्मदेवरचं, आईनं स्वतः रचलेलं. चार कडवी शिकवायला पाच महिने लागले, कारण एखादी ओळ मनासारखी आली नाही की आई पुढं सरकतच नसे. "ओढू नको, वळव," असं ती फोनमध्ये ओरडायची आणि हातानं हवेत वळण काढून दाखवायची. तिकडं कोणाला ते दिसणार होतं, देव जाणे.

तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नात ते भजन गायली. मंडळानं सगळा कार्यक्रम आपल्या साइटवर टाकला आणि भावानं मला लिंक पाठवली. आईनं त्याच संध्याकाळी आपल्या भजनी मंडळातल्या नऊ बायकांना पुढच्या शनिवारी चहाला बोलावून टाकलं. फाइल अजून उतरायची होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! कॉम्प्युटर वरच्या खोलीत, आणि नऊपैकी सात जणींचे गुडघे जिना चढण्यापलीकडचे. म्हणजे खालच्या टीव्हीसाठी डीव्हीडी करणं आलं, आणि ते काम माझ्या गळ्यात. मी सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत होते, त्यामुळं घरात सगळ्यांची समजूत अशी होती की या यंत्रातलं मला सगळं कळतं.

फाइल उतरायला चार दिवस लागले. निम्मी व्हायची की लाइट जायचे, आणि पुन्हा श्रीगणेशा. अखेर सोमवारी ती पूर्ण उतरली आणि आई कठडा धरून वर आली. तासाभराचा कार्यक्रम, नातीचं भजन अगदी शेवटी. पण पाहतो तो काय, चित्र पुढं आणि आवाज मागं! पोरीचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालूच. शेवटी तिनं टाळ खाली ठेवले, हात जोडले, ओठ हलले, आणि चित्र संपलं. आवाज तेव्हा कुठं शेवटच्या ओळीच्या मध्यावर होता, तोही तिथंच तुटला.

आई म्हणाली, "शेवटी नर्मदे हर नाही म्हटलं तिनं."

आमच्याकडं भजन झालं की 'नर्मदे हर' म्हणतात. ते म्हटल्याशिवाय आई भजन पुरं झालं असं मानत नाही. नागपूरचे नातेवाईक यावरून आमची थट्टा करतात, करोत. आईनं नातीला हे दर रविवारी बजावलं होतं.

"अगं, म्हटलं असेल. ओठ हलले ना," मी म्हणाले.

"ओठ तर सारखेच हलून राहिले. त्यातलं कोणतं काय, कसं कळावं? आपल्या घरचं तेवढंच एक तिच्याजवळ राहावं, असं वाटून राहिलं होतं मला." वर आणखी, "अन् ह्या बायका म्हणतील, कॅसेट लावली अन् पोरगी नुसती उभी केली."

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आवाज तर बरोबर होता. मी पहिल्याच रांगेत होतो."

"फाइलमधला विचारून राहिले मी! अन् शेवटी ती नर्मदे हर म्हणाली का?"

"टाळ्या सुरू झाल्या होत्या ना. लक्ष नव्हतं बुवा."

असा संताप आला की विचारू नका. मी म्हटलं, पोरीलाच दे फोन. तर आईनं माझा हात धरला. "तिला नको विचारू. विचारलं तर हो म्हणंल बिचारी. मला ऐकायचं आहे."

मग मी कामाला लागले. पहिल्या डीव्हीडीवर फाइल आहे तशी उतरवली. प्लेअरनं तिला ओळखच दाखवली नाही. दुसऱ्यांदा फाइल डीव्हीडीच्या साच्यात बदलून घेतली. ती टीव्हीवर झकास दिसली, पण आवाज मागं तो मागंच. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेले, तर त्यानं पाच मिनिटं पाहून निकाल दिला, "दीदी, फाइल ही खराब है. दूसरी मँगवा लो." दुसरी कुठून आणणार? तिसऱ्यांदा मी सगळाच्या सगळा आवाज अंदाजानं दोन सेकंद पुढं ओढला. आता सुरुवातीचे पाहुणे तोंड उघडायच्या आधीच बोलू लागले आणि नात शेवटी होती तशीच मुकी. मी माउस आपटला आणि खाली येऊन जाहीर केलं की शनिवारी बायकांना नुसता चहा मिळेल.

बाबा पेपर वाचत होते. संरक्षण कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं.

"काहून रिजेक्ट करून राहिली?" त्यांनी विचारलं. "मोजलं का?"

"काय मोजायचं त्यात, बाबा? आवाज मागं आहे, दिसतंच आहे."

"किती मागं? सगळीकडं सारखाच मागं का? माल फेकायच्या आधी तीन नग मोजतात. पहिला, मधला, शेवटचा. चलो, वर चल."

कपाटातून त्यांचं जुनं स्टॉपवॉच निघालं. मी मूळ फाइल लावली. बाबांनी मोजायला अशा जागा निवडल्या, जिथं दिसणं आणि ऐकू येणं एका ठोक्यात व्हायला हवं. सुरुवातीला उद्घाटनाचा नारळ फुटतो, ती एक. अर्ध्या तासावर बायकांच्या टिपऱ्या, ती दुसरी. शेवटी नातीचे टाळ, ती तिसरी. प्रत्येक जागा पाच पाच वेळा मागं नेऊन पाहायला लावली. चौथ्या वेळी मी म्हटलं, "बाबा, आता पाठ झालं," तर म्हणाले, "पाठ झालं म्हणजे मोजलं नव्हे."

नारळ अचूक. टिपऱ्यांचा आवाज पावणेदोन सेकंद उशिरा. टाळांचा साडेतीन. बाबांनी आलेख-कागदावर तीन टिंबं काढून फूटपट्टी ठेवली. टिंबं एका सरळ रेषेत आली.

"फाइल खराब नाही तुझी," ते म्हणाले. "नुसतं आवाज बसवताना चुकलं असतं तर पहिल्या नगापासून चुकलं असतं. हे दर नगाला थोडं थोडं घसरून राहिलं. म्हणजे वेगाचं माप चुकलं आहे."

आता माझी पाळी होती. फाइलची माहिती उघडली. सेकंदाला चित्रं तीस, असं लिहिलेलं. मग इंटरनेटवर दोन तास शोधत बसले आणि सापडलं: अमेरिकेतल्या टीव्हीची चित्रं सेकंदाला पुरी तीस नसतात, एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव असतात. फाइलच्या कपाळावर कोणीतरी सरळ तीस लिहून टाकलं होतं, त्यामुळं चित्रं किंचित घाईनं पळत होती आणि आवाज बिचारा आपल्या चालीनं येत होता. हजारात एकाचा फरक, म्हणून मी तो सोडून देणार होते. बाबांनी पेन्सिल घेतली. "तासाचे सेकंद छत्तीसशे. त्याचा हजारावा भाग किती?"

"तीन पूर्णांक सहा."

बाबांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचा कप उडाला. मला तर त्यांना उचलून नाचवावंसं वाटलं. चित्र आवाजाच्या आधी धावून संपत होतं, म्हणून शेवटचे साडेतीन सेकंद कोणालाच ऐकू आले नव्हते. नेमके तेच आईला हवे होते.

फाइल बदलायच्या प्रोग्रॅममध्ये चित्रांचा वेग हातानं भरायची एक चौकट होती. तिच्याकडं मी आजवर पाहिलंही नव्हतं. तिथं खरा आकडा भरला. शनिवारी सकाळी डीव्हीडी तयार झाली. बाबांनी टीव्हीवर नारळ तपासला, टिपऱ्या तपासल्या, दोन्ही अचूक. शेवटाकडं जाणार, तोच लाइट गेले. ते आले साडेतीनला, आणि त्यांच्यासोबतच बायकाही दारात.

आईचं चहाकडं लक्ष नव्हतं. नात उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला तोंड आणि आवाज एक झाले. वळण आलं तिथं तिनं वळवलं, ओढलं नाही. मंडळातल्या एक काकू कोणाच्याही नातवंडाचं कौतुक सहसा करत नाहीत. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, "अच्छा! खरंच गाऊन राहिली की हो!" चौथं कडवं संपलं. नातीनं टाळ ठेवले, हात जोडले.

"नर्मदे हर!"

खणखणीत. सभागृहातल्या टाळ्यांवर चढून आलेला आवाज. आणि आमच्या बैठकीतल्या नऊच्या नऊ बायका, कोणी न सांगता, एका सुरात म्हणाल्या, "नर्मदे हर!" आई तेवढी पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "पुन्हा लाव." तो शेवट मी सहा वेळा लावला आणि सहाही वेळा बायकांनी उत्तर दिलं. बाबांनी डीव्हीडीवर मार्करनं 'पास' लिहून खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन लागल्यावर आई नातीला एवढंच म्हणाली, "ऐकू आलं बरं का मला."

"मी खूप जोरात म्हटलं होतं, आजी," ती तिकडून म्हणाली. "तू खूप दूर आहेस ना."