निवडुंगाचे काटे जाळताना

मामीनं शेताच्या कुंपणाचा निवडुंग तोडून आणला होता आणि एकेक फडा चिमट्यात धरून ती त्याचे काटे जाळत होती. चिमटा पापड भाजायचा. काटे तडतडून जळाले की ती फडा चिरायची आणि गाईपुढे टाकायची. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, कडबा कधीच संपला होता.

मी नुसती बघत बसले. हे काटे म्हणजे एके काळची पानंच. पानांवाटे पाणी उडून जातं, म्हणून या झाडानं पानंच सोडून दिली. त्यांचं काम खोडानं अंगावर घेतलं. वरून मेणाचा थर चढवला, उन्हात श्वासही कोंडून धरायचा. एवढा सगळा खटाटोप पोटातलं घोटभर पाणी राखण्यासाठी. आणि नेमक्या त्याच पाण्यासाठी आम्ही त्याच्यावर विळा चालवला होता.

मामा गेल्यापासून मामीचं बोलणंही असंच टोचरं झालंय. तिला रडताना मात्र कुणी पाहिलेलं नाही.

"मामी, कुंपण असं तोडलंस, तर शेताला राखण कशाची?"

"राखण्यासारखं आहे काय गं तिथं?"

शेवटच्या फड्याच्या टोकाला एक पिवळी कळी आली होती. एवढ्या कोरड्यातही. मामीनं ती क्षणभर पाहिली, आणि काट्यांबरोबर जाळावर धरली.