घसरलेली टिकली

काल टीव्हीवर एक ज्यू आजी बोलत होत्या. लहानपणी नाझींपासून लपवताना परक्या घरात त्यांच्या गळ्यात क्रूस घातला होता आणि खरं नाव विसरायला सांगितलं होतं. माझी नजर आरशावर चिकटवलेल्या टिकलीकडे गेली आणि मी थेट कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले.

नव्वद सालचा ऑगस्ट होता. इराकी सैनिक आमच्या शेजारच्या कुवेती अधिकाऱ्याला शोधत होते आणि त्याची सहा वर्षांची मुलगी नूरा आमच्याकडे लपली होती. मी तिला खोबरेल लावून दोन वेण्या घातल्या, टिकली लावली आणि निशा म्हणू लागले. कुणासमोर बोलायचं नाही, हे ओठांवर बोट ठेवून रोज बजावायचे.

त्या दुपारी एक सैनिक आत आला. "बिंती, माझी मुलगी," आमचे हे कसेबसे म्हणाले. त्याने टेबलावरचं बिस्किट उचलून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं आणि तोंडात घालण्याआधी सवयीने पुटपुटली, "बिस्मिल्ला."

तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास एकदम नाकात भरला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग वाकून त्याने घामाने भुवईवर घसरलेली तिची टिकली अंगठ्याने वर सरकवली, कपाळाच्या मधोमध दाबली आणि निघून गेला.

त्याला ऐकू गेलं नाही म्हणून वाचलो, असंच आम्ही इतकी वर्षं सांगत आलो. पण ऐकलं नसतं, तर त्याने टिकली कशाला सावरली असती?